निर्णय माझा, मशीनसमोर तो

कॅम सॉफ्टवेअरच्या पडद्यावर टूल जॉबभोवती फिरतं तेव्हा फक्त हेतू ठरलेला असतो: कुठून कुठे जायचं, किती खोल उतरायचं, कोणत्या फीडने कापायचं. भोसरीच्या शेडमधल्या व्हीएमसी मशीनला तो हेतू कळत नाही. त्याला ओळीमागून ओळ मजकूर लागतो, आणि प्रत्येक कंट्रोलरचा मजकूर वेगळा. फॅनुकला ‘जी ०१ एक्स १०.० वाय २०.०’ असं सांगावं लागतं, हायडेनहाइनला तीच गोष्ट ‘एल एक्स+१० वाय+२०’ अशी, आणि सीमेन्सची पाच अक्षांची बोली आणखी निराळी. हेतूचा मजकूर करणारा जो प्रोग्राम मध्ये बसतो तो पोस्ट प्रोसेसर. कामावरची माणसं नुसतं ‘पोस्ट’ म्हणतात. मी पोस्ट लिहिते. पुणे, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी लिहिते, त्यावर माझं घर चालतं, आणि हे काम मला मनापासून आवडतं.

आवडतं म्हणूनच त्याचा हिशेब स्वतःशी मांडायला हवा. या कामात मी दिवसभर निर्णय घेत असते आणि ते घेतले गेल्याचं कोणाला दिसत नाही. पडद्यावर टूलपाथ काढणाऱ्या प्रोग्रामरला वाटतं, निर्णय त्याचे आहेत. मालकाला वाटतं, मशीनचे आहेत. ऑपरेटरपुढे फक्त फाईल येते आणि त्याला सायकल स्टार्टचं बटण दाबायचं असतं.

हा मधला टप्पा मुळात मुद्दाम ठेवलेला आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून जॉन पार्सन्स आकड्यांनी मशीन चालवण्याच्या कल्पनेपर्यंत पोहोचले, अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर एमआयटीने १९५२ साली तसं मिलिंग मशीन चालवून दाखवलं, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात डग्लस रॉस यांच्या गटाने एपीटी ही भाषा घडवली. एपीटीतून टूलच्या जागांची यादी निघे, ती कोणत्याही एका मशीनची नसे. ज्या त्या मशीनसाठी ती उतरवून घ्यायला वेगळा पोस्ट प्रोसेसर लागे. सगळ्यांना सारखं असेल ते वर, ज्याचं त्याचं असेल ते खाली, ही वाटणी शहाणपणाचीच होती. पुढे १९८० साली आरएस-२७४-डी हे मानक आलं, १९८२ साली आयएसओ ६९८३ आलं, तरी मशीन आणि कंट्रोलर बनवणाऱ्यांना बरीच मोकळीक उरली. ती मोकळीक आजही पोस्टच्याच पदरात पडते. मानकाने जे ठरवलं नाही ते कोणीतरी ठरवावंच लागतं, आणि आमच्या भागात ते ‘कोणीतरी’ पुष्कळदा मी असते.

उदाहरण द्यायचं तर जी २८ चं देते, कारण मी नवीन पोस्ट हातात घेतली की पहिल्यांदा तीच ओळ बघते. जी २८ म्हणजे मशीनच्या घरच्या जागी जा. फॅनुकमध्ये त्याच्यासोबत लिहिलेला आकडा घरचा पत्ता सांगत नाही. घरी जाताना कुठून जायचं तो मधला बिंदू सांगतो. जी ९१ चालू असेल तर ‘झेड ०’ म्हणजे आहेस तिथूनच सरळ वर. जी ९० चालू असेल तर तेच ‘झेड ०’ म्हणजे आधी जॉबच्या शून्यावर ये, मग वर जा. वर जायचा हुकूम मिळालेलं टूल आधी खाली येतं, आणि रॅपिडच्या, म्हणजे न कापता धावण्याच्या, वेगाने येतं. दोन्ही ओळी कागदावर जवळजवळ सारख्या दिसतात. कॅमच्या पडद्यावर तर यातलं काहीच दिसत नाही. घरी जाण्याची ओळ टूलपाथमध्ये नसते, ती पोस्ट घालते.

रॅपिडचंही तसंच. पडद्यावर जी ०० ची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ असते. फॅनुकचा पॅरामीटर सरळ रेषेचा लावलेला नसेल तर मशीनवर प्रत्येक अक्ष आपापल्या कमाल वेगाने निघतो, ज्याचं अंतर कमी तो आधी पोहोचून थांबतो, आणि वाट मध्येच मोडते. सरळ रेघ क्लॅम्पच्या बाजूने सुखरूप गेली असती. मोडलेली वाट त्याच क्लॅम्पवरून जाऊ शकते. मग मी काय करायचं? आधी झेड वर घेऊन मगच एक्स-वाय हलवायचं, लांबची रॅपिड मोठ्या फीडच्या जी ०१ मध्ये लिहायची, की पॅरामीटर बरोबर लावलेला असेल असं धरून चालायचं? ड्रिलिंगमध्ये एका भोकाकडून दुसऱ्याकडे जाताना जी ९९ ने खालच्या पातळीवरूनच सरकायचं, की जी ९८ ने दर वेळी पूर्ण वर यायचं? पाच अक्षांच्या मशीनवर टूलची एकच दिशा टेबलाच्या दोन वेगवेगळ्या स्थितींनी साधते, त्यातली कोणती घ्यायची? सी अक्ष ३५९ अंशांवर असताना पुढचा कोन १ अंश आला, तर दोनच अंश पुढे सरकायचं की अख्खा फेरा उलटा मारायचा? आणि फेरा मारायचाच असला तर टूल आधी जॉबमधून बाहेर काढायचं की नाही?

सहा महिन्यांनी एखाद्या शेडमध्ये काय घडेल ते या उत्तरांवर ठरतं. ती उत्तरं मी घरी बसून, चहा घेता घेता देते.

आता तपासणीबद्दल. कॅममधलं सिम्युलेशन सहसा पोस्टच्या अलीकडच्या टूलपाथवर चालतं, पलीकडच्या कोडवर नाही. म्हणजे प्रोग्रामर जे तपासून ‘ओके’ म्हणतो त्यात माझा भाग आलेलाच नसतो. पोस्टमधून बाहेर पडलेला कोडच वाचून मशीनचं चित्र उभं करणारी व्हेरिकटसारखी सॉफ्टवेअर आहेत, विमानाचे भाग करणाऱ्यांकडे असतात, चांगल्या टूलरूममध्येही असतात. दोन व्हीएमसी आणि एक टर्निंग सेंटर घेऊन जॉबवर्क करणाऱ्याला ती परवडत नाहीत. तिथे माझ्या कोडचा शेवटचा तपासनीस ऑपरेटर असतो. सिंगल ब्लॉक लावायचा, रॅपिड ओव्हरराइड २५ टक्क्यांवर आणायचा, एक हात फीड होल्डवर, डोळे ‘डिस्टन्स टू गो’वर. पडदा सांगतो झेड अजून ८० मिलिमीटर खाली जाणार, डोळ्यांना दिसतं जॉब ३० मिलिमीटरवर आहे, आणि या दोन आकड्यांमधल्या क्षणात त्याने बटण दाबायचं. या साखळीतला सगळ्यात कमी पगार त्याचा, आणि आधी मिळालेली माहितीही त्याचीच सगळ्यात कमी.

पोस्ट देताना मी सोबत लिहून देते की मशीनवर चालवण्यापूर्वी प्रोग्राम तपासून घ्यावा, ड्राय रन करावा. सगळेच लिहितात. या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले आहे. ते खोटं नाही. त्याचं फिक्स्चर मी पाहिलेलं नाही, त्याच्या मशीनमधले सगळे पॅरामीटर मला ठाऊक नाहीत, उद्या तो व्हाइस बदलेल तेव्हा मी तिथे नसणार. तपासणं हवंच. पण खरं वाक्यही आडोसा म्हणून वापरता येतं. मी ते त्याला सावध करण्यासाठी लिहिते की स्वतःला मोकळं करण्यासाठी? सावध करण्यासाठी लिहीत असेन, तर तपासायचं म्हणजे नेमकं काय, कुठल्या ओळी, कोणत्या क्षणी, हे मी सांगायला हवं. ते न सांगता नुसतं ‘तपासून घ्या’ म्हणणं म्हणजे ज्याला सगळ्यात कमी दिसतं त्याच्यावर सगळ्यात जास्त सोपवणं.

शिवाय तपासायचं तर आधी वाचता यायला हवं. मोल्डच्या कोअरचा फिनिशिंग प्रोग्राम लाखभर ओळींचा असतो, तो कोणीही वाचणार नाही आणि वाचायची गरजही नाही. पण सुरुवातीच्या दहा-बारा ओळी, प्रत्येक टूलची सुरुवात, प्रत्येक वेळचं वर येणं, एवढं वाचता येतं. तिथे माणसासाठी लिहिता येतं. कोणतं टूल, व्यास किती, सगळ्यात खोल झेड किती, हे कंसात लिहिता येतं. मशीनचा पडदा देवनागरी दाखवत नाही, म्हणून रोमन अक्षरांत मराठी किंवा हिंदी लिहिते, आणि लातूरच्या आयटीआयमधून आलेल्या मुलालाही, बिहारहून आलेल्या मुलालाही ती ओळ इंग्रजीपेक्षा लवकर कळते. जुन्या मशीनची मेमरी लहान असते, तिथे काटकसर करावी लागते, हेही खरं. पण पुष्कळदा कंसातल्या ओळी मी काढते त्या मेमरीमुळे नाही. नेटका, उघडाबोडका कोड मला सुंदर दिसतो म्हणून काढते. हे सौंदर्य कोणाच्या खर्चाने येतं, ते मी स्वतःला विचारायला लागले आहे.

शिरोलीच्या एका जुन्या सेटरने मला एकदा ऐकवलं होतं, “मॅडम, प्रोग्राम बरोबर आहे हो. पण मला तो कळला पाहिजे. रात्री इथं मी एकटा असतो.” तिसऱ्या पाळीत इन्सर्ट तुटलं तर त्याला प्रोग्राम मधूनच सुरू करावा लागतो, आणि तिथे पोस्टची खरी परीक्षा होते. कंट्रोलर शेवटचा हुकूम धरून ठेवतो. जी ९० एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही, प्लेन एकदा सांगितलं की तेच चालू राहतं, जॉबचा शून्य ठरवणारं जी ५४ तसंच. आखूड कोड लिहायची हौस असलेली पोस्ट हे सगळं वर एकदाच लिहिते. मग चौथ्या टूलपासून सुरू करणाऱ्याला माहीत नसतं की त्याच्या मशीनच्या मनात आत्ता काय धरलेलं आहे. प्रत्येक टूलच्या सुरुवातीला हे सगळं पुन्हा लिहिलं तर चार ओळी वाढतात आणि तो तिथून निर्धास्त सुरू करू शकतो. या चार ओळी मशीनला अनावश्यक आहेत. ज्याला त्या लागतात तो माझ्याशी करार करणारा नसतो, बिल देणारा नसतो, आणि ‘पोस्ट कशी हवी’ असं विचारायला मी बसते त्या टेबलावर त्याला कोणी बोलावत नाही.

टेबलावर मालक असतो, आणि त्याची बाजू हलकी नाही. दोन ऑपरेशनच्या मध्ये टूल पार वर न नेता क्लिअरन्सवरच ठेवलं तर समजा चार सेकंद वाचतात. दिवसाला ६०० नग निघत असतील तर ती ४० मिनिटं झाली. जॉबवर्कचे दर तासावर घासाघीस करून ठरतात, आणि ४० मिनिटांत कोणाचा तरी पगार असतो. मालक लोभी आहे म्हणून सेकंद मोजतो असं मला वाटत नाही. त्याच्या गिऱ्हाइकाने ते आधीच मोजलेले असतात. पण स्पिंडल गेला तर पैसा मालकाचा जातो, आणि सुपरवायझर पहिला प्रश्न विचारतो तो “मशीनवर कोण होतं?” हा. दरवाजाचा इंटरलॉक बायपास केलेली मशिनं मी पाहिली आहेत. तिथे ऑपरेटरच्या नोकरीबरोबर त्याचा हात आणि डोळाही पणाला लागलेला असतो. तेव्हा ते चार सेकंद वाचवायचे की नाहीत, हा सवाल मी मालकाशी एकटीने सोडवू नये, असं आता मला वाटतं. निदान ते वाचवल्याचं ऑपरेटरला माहीत तरी हवं.

मशीन ठोकल्यावर मला फोन येतो. कोड मागवते, ओळ शोधते, कारण सापडतं. पुष्कळदा ते माझ्या फाईलमध्ये नसतं. टूलच्या लांबीचा एच ऑफसेट चुकीचा भरलेला असतो, किंवा ती लांबी घालायचीच राहिलेली असते. त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरतं. माणूस म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण मी त्या सुटकेवर विश्वास ठेवत नाही. कारण ‘ऑपरेटरची चूक’ ही रेघ कुठे पडते ते काही अंशी मीच ठरवते. फॅनुकवर मॅक्रोची सोय असेल तर टूल उतरण्याआधी त्याच्या लांबीचा आकडा तपासता येतो, तो शून्य असेल तर मशीन तिथेच थांबवून पडद्यावर संदेश देता येतो. टूल नंबर आणि एच नंबर कायम एकच ठेवता येतो. झेड खाली येण्यापूर्वी एक ऐच्छिक थांबा देता येतो. एवढं केल्यावरही उरेल ती चूक त्याची म्हणावी. न करता तसं म्हणणं सोयीचं आहे, आणि कागदोपत्री ते कोणी खोडूनही काढणार नाही. बाहेरचा कोणी विचारत नाही म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता संपलेला मानता येत नाही.

एका गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि तोही तपासायला हवा. माझ्या पोस्टमधून निघालेला प्रोग्राम हाताने बदलावा लागत नाही, असं मी सांगते. हे चांगलंच आहे. घाईत केलेल्या हातच्या बदलांतूनच पुष्कळ अपघात होतात, एखादा दशांश बिंदू राहिला तरी कित्येक मशिनं १०० मिलिमीटरला एक दशांश मिलिमीटर समजतात. पण ज्या फाईलला कधीच हात लावायचा नसतो ती वाचायची सवयही हळूहळू जाते. आय आणि जे चे आकडे बघून ‘हा आर्क उलटा फिरणार’ म्हणणारे सेटर मी पाहिले आहेत. त्यांच्यानंतर आलेली मुलं हुशार आहेत, पडद्यावर माझ्याहून चपळ आहेत, पण कोडची फाईल उघडायला बिचकतात. हे एकट्या पोस्टने केलं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. तरी माझा वाटा त्यात आहे. चांगली पोस्ट देऊन मी त्या मुलाच्या हातून चूक काढून घेतली, आणि तिच्याबरोबर थोडं कसबही काढून घेतलं. ते परत कसं देता येईल याचं उत्तर मला पूर्ण सापडलेलं नाही. वाचता येईल असा कोड हा त्याचा एक तुकडा आहे, एवढंच.

सगळ्यात अवघड हिशेब कुलपाचा आहे. पोस्टला कुलूप घालता येतं. मास्टरकॅममध्ये तसा वेगळा बंद फाईल-प्रकार आहे, इतर सॉफ्टवेअरमध्ये इतर वाटा आहेत. गिऱ्हाईक पोस्ट वापरू शकतं, उघडून पाहू शकत नाही. मी कुलूप घालते. विचारलं तर दोन कारणं सांगते आणि दोन्ही खरी आहेत. एका कारखान्यासाठी महिनाभर मेहनत करून केलेली पोस्ट पेनड्राइव्हवरून दहा कारखान्यांत पोहोचते आणि माझी मेहनत एकदाच विकली जाते. आणि कोणी तीत काहीतरी बदललं, मशीन ठोकलं, तर नाव माझं येतं.

तिसरं कारण मी कोणाला सांगत नाही. कुलूप असलं की त्यांना माझ्याकडे परत यावं लागतं. नवीन एअर ब्लो बसवला, तो चालू-बंद करणारा एम कोड घालायचा आहे, दोन मिनिटांचं काम. शनिवारी दुसऱ्या पाळीत ते अडतं आणि सोमवारपर्यंत अडून राहतं. मग कोणीतरी रोज प्रत्येक प्रोग्राममध्ये तो कोड हाताने घालू लागतं. ‘हाताने बदलावा लागत नाही’ म्हणणाऱ्या माझ्याच पोस्टने हातचे बदल परत आणलेले असतात, आणि ते करणारा मुलगा पुन्हा तोच, रात्री एकटा असलेला. पहिली दोन कारणं मी कितीही मनापासून सांगितली, तरी अशा शनिवारी कामाला येतं ते तिसरंच.

आणि मी शिकले कशी? ऑटोडेस्कच्या पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या असतात, कोणालाही उघडून ओळन् ओळ वाचता येतात. कोणीतरी लिहून ठेवलेलं आर्कचं गणित, रोटरी अक्षाचा फेरा उलटवण्याचा भाग, गोलाईत आकडे कापल्यावर सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळेनाशी होते तेव्हा काय करायचं याची युक्ती, हे सगळं मी त्या उघड्या फायलींतून घेतलं. जुन्या सहकाऱ्यांनी आपल्या पोस्ट मला दाखवल्या, कोणी मोबदला मागितला नाही. उघड्यावर मिळालेलं मी बंद करून विकते आहे. धंद्याच्या नियमात हे बसतं, परवान्याच्याही नियमात बसतं. ज्यांच्याकडून शिकले त्यांच्यासमोर मात्र ते मला मान वर करून सांगता येत नाही, आणि माझ्यापुरती कसोटी तीच आहे.

त्यामुळे सध्या एवढं ठरवलं आहे. मशीनपुरते जे निर्णय आहेत, म्हणजे एम कोड, घरी जाण्याची रीत, दशांशाची ठेवण, कंसातल्या ओळी, थांबे, टूलच्या सुरुवातीच्या ओळी, ते सगळे उघडे द्यायचे. सोबत मराठीत आणि हिंदीत एक पान, मशीनच्या दारावर चिकटवता येईल असं: या प्रोग्राममध्ये टूल बदलताना झेड कुठे जातो, रॅपिड कशी लिहिली आहे, मधून सुरू करायचं तर कोणत्या ओळीपासून, आणि सेकंद वाचवायला कुठे काय कापलं आहे. पाच अक्षांच्या गणिताला अजून कुलूप आहे. त्यामागे खरोखर मेहनतीचं मोल आहे की पुन्हा तेच तिसरं कारण, याबद्दल माझी खात्री नाही, आणि खात्री नसताना ते कुलूप योग्यच आहे असं मी म्हणणार नाही.

जुन्या गिऱ्हाइकांच्या फायली अजून बंदच आहेत. त्या उघडून द्यायच्या तर एकेकाला फोन करावा लागेल, त्यांच्या सेटरसोबत बसून हे पान भरावं लागेल, आणि इतकी वर्षं हे बंद का ठेवलं होतं असं कोणी विचारलं तर तिन्ही कारणं सांगावी लागतील. पहिली दोन मला पाठ आहेत. फोन करायला घेते तेव्हा अडते ती तिसऱ्यापाशी.